तपकीर गल्लीतला म्यूऑन-मोजणी संच: यंत्र उत्तम, पुस्तिकेतला दावा चुकीचा

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून दोन महिन्यांपूर्वी मी अठरा हजार रुपयांना म्यूऑन, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांच्या हवेशी होणाऱ्या धडकेतून जन्मणारे सूक्ष्म कण, मोजण्याचा संच घेतला. त्यात ५ सेंटीमीटर लांबी-रुंदीच्या दोन सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणाऱ्या) पट्ट्या एकीवर एक, ५ सेंटीमीटर अंतराने बसवलेल्या असून दोन्हींतून एकाच क्षणी विद्युत स्पंद आला तरच नोंद होते. त्यामुळे भिंतींतल्या किरणोत्साराची खोटी मोजणी जवळजवळ होत नाही. कोथरूडला गच्चीवर ताशी सुमारे ४५० नोंदी मिळतात. सिंहगडावर, म्हणजे सुमारे १,३०० मीटर उंचीवर, तीन तासांची सरासरी ५०० च्या आसपास गेली, आणि हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा आनंद मला किमतीहून मोठा वाटला. जोडणी सोपी आहे, बॅटरी दिवसभर पुरते.

माझी तक्रार आहे ती पुस्तिकेच्या सातव्या पानाबद्दल. हा संच ‘वैश्विक किरणांचा ऊर्जा-वर्णपट आणि घटक दाखवतो’, म्हणजे किती ऊर्जेचे किती कण येतात आणि ते कोणते हे सांगतो, असे तिथे छापले आहे, आणि ते खरे नाही. वातावरणाच्या माथ्यावर आदळणाऱ्या किरणांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन, ९ टक्के हेलियमची अणुकेंद्रके आणि उरलेली लोखंडापर्यंतची जड केंद्रके असतात. गच्चीवर येतात ते त्यांच्या धडकेतून साधारण १५ किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन, आणि एकट्यादुकट्या म्यूऑनवरून मूळ कण कोणता व किती ऊर्जेचा होता हे सांगता येत नाही. त्यासाठी धडकेतून उसळलेल्या कणांचा सारा वर्षाव एकाच वेळी पकडावा लागतो. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात कण टिपणारे सुमारे ४०० शोधक विखुरलेले आहेत आणि जोडीला ५६० चौरस मीटरची म्यूऑन-दुर्बीण आहे, कारण तेवढ्याच ऊर्जेचे जड केंद्रक प्रोटॉनपेक्षा अधिक म्यूऑन देते, आणि त्या संख्येवरूनच दोघे वेगळे ओळखता येतात. याच प्रयोगाने २०२४ साली प्रोटॉनच्या वर्णपटाचा उतार, म्हणजे ऊर्जा वाढते तशी कणांची संख्या घटण्याचा वेग, १६६ टेरा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे कणांच्या ऊर्जेचे एकक, टेरा म्हणजे एक लाख कोटी) आसपास सौम्य होत असल्याचे दाखवले. सुमारे ३,००० टेरा-इलेक्ट्रॉन-व्होल्टला ‘गुडघा’ नावाचे वळण येते आणि तिथून पुढे मात्र एकूण वर्णपट अधिक तीव्रतेने उतरतो.

शाळेसाठी संच जरूर घ्यावा. मुलांच्या हाती पुस्तिका देण्याआधी सातवे पान तेवढे काढून ठेवावे.