एच-अल्फा टेलिस्कोप, ४० मिमी: फ्लेअर बघायला घेतला, दोन वर्षांनंतरचं मत

सूर्यावरचे नुसते डाग बघायचे तर साधा सोलर फिल्टर पुरतो, मी हा टेलिस्कोप घेतला तो फ्लेअर, म्हणजे सूर्यावरचे अचानक होणारे भडके बघायला, आणि पहिले दोन महिने लाल गोळा आणि कडेला दोन-चार ज्वाळा यापलीकडे काही नाही, जाम वैतागलो होतो. मग एकदा एम क्लासचा (मध्यम ताकदीचा, सगळ्यात मोठे ते एक्स) फ्लेअर सुरू झाला तेव्हा नेमका डोळा लावलेला होता. पैसे वसूल!

आधी डागांच्या मधे एक ठिपका पेटतो, मग दोन भडक रेघा उमटतात आणि हळूहळू एकमेकींपासून लांब सरकतात. गंमत अशी की मूळ भानगड तिथे होतच नाही, ती होते वर कोरोनात, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात बाहेरच्या थरात, जिथे चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळतात, आणि तिथून सुसाट सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांच्या कमानीच्या दोन्ही पायांतून खाली येऊन क्रोमोस्फिअरच्या (कोरोनाखालच्या थराच्या) दाट गॅसवर आपटतात, बहुतेक सगळी एनर्जी तिथेच रिकामी करतात. दोन पाय म्हणून दोन रेघा. एरवी १० हजार अंशांच्या आसपास असलेला तिथला गॅस मग १ कोटीच्या वर जातो आणि उसळून कमानीत भरतो. हा उसळलेला गॅस मात्र यातून दिसत नाही हां, कारण फिल्टर फक्त हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश (तोच एच-अल्फा) सोडतो आणि इतक्या उष्णतेत हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉनच उरत नाही. गॅस निवला की कमानी दिसायला लागतात, तेवढा पेशन्स हवा.

क्रोमोस्फिअरच्याही खाली, फोटोस्फिअर (एरवी दिसतो तो सूर्याचा पृष्ठभाग) तापलं तर ते यातून कळत नाही. १ सप्टेंबर १८५९ ला कॅरिंग्टन या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने साध्या प्रकाशात फ्लेअर पाहिला तो तसला. इलेक्ट्रॉन तेवढे खोल सहसा पोचत नाहीत, मग ते तापतं कसं यावर अजून वाद आहेत. इस्रोच्या आदित्य-एल१ यानावरच्या सूट या टेलिस्कोपने २२ फेब्रुवारी २०२४ चा एक्स६.३ फ्लेअर अल्ट्राव्हायोलेटमध्ये टिपला तो याच खालच्या थरांसाठी, आपल्या डब्याकडून ती अपेक्षा नको.

तक्रारी दोन. ट्यूनिंगची (फिल्टर नेमक्या रंगावर आणायची) रिंग इतकी घट्ट की फिरवताना सूर्यच फ्रेमबाहेर जातो, आणि डिटेल नीट दिसतं ते मधल्या पट्ट्यातच. ब्लॉकिंग फिल्टर (नको तो प्रकाश अडवणारा) काढून चुकूनही बघू नका. कॅमेरा लावणार असाल तर एक्स्पोजर आधीच कमी करून ठेवा, माझ्या पहिल्या दोन्ही फ्लेअरच्या रेघा फोटोत नुसत्या पांढऱ्याफटक आल्यात.