एस्ब्यर्न स्वेन्सन त्रयी: सुरुवात ‘सेव्हन डेज ऑफ फॉलिंग’ने करावी की ‘लाइव्ह इन हॅम्बर्ग’ने?

पियानोवादक एस्ब्यर्न स्वेन्सनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वीडनच्या जॅझ त्रयीचे, म्हणजे ई.एस.टी.चे, नाव ज्यांच्या कानावर आहे, एखाददुसरी रचना ज्यांनी ऐकली आहे आणि आता एकच अल्बम घेऊन तो निवांतपणे, पुन्हा पुन्हा ऐकावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझ्या मते अशा श्रोत्यापुढे खरे पर्याय दोनच उरतात: २००३ सालचा स्टुडिओतला ‘सेव्हन डेज ऑफ फॉलिंग’ आणि नोव्हेंबर २००६मधल्या हॅम्बर्गच्या कार्यक्रमाचे, पुढच्या वर्षी दोन सीडींत निघालेले ध्वनिमुद्रण, ‘लाइव्ह इन हॅम्बर्ग’. काही वर्षांपूर्वी मीही याच पेचात होतो. शेवटी दोन्ही घेतले आणि दोन्ही भरपूर ऐकले. त्यांतला एक आजही हाताशी असतो, दुसरा मुद्दाम काढावा लागतो.

बाकीचे अल्बम मी का बाजूला ठेवतो, तेही थोडक्यात सांगायला हवे. ही त्रयी १९९३मध्ये जमली आणि १९९६मध्ये तिने थोर अमेरिकी जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या रचनांचा एक अख्खा अल्बम वाजवला. तो ऐकायला सुरेख आहे, पण त्यात ही मंडळी अजून थोरांच्या पंक्तीत अदबीने बसलेली वाटतात. स्वतःचा सूर त्यांना १९९९च्या ‘फ्रॉम गागारिन्स पॉइंट ऑफ व्ह्यू’मध्ये सापडला, आणि त्याच अल्बमने त्यांना स्वीडनबाहेर नेले. पुढच्या काही वर्षांत त्यांचे नाव इतके झाले की २००६मध्ये ‘डाउनबीट’ या अमेरिकी जॅझ मासिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले. त्या मुखपृष्ठावर आलेला हा पहिला युरोपीय जॅझ बँड. म्हणजे मी ज्या दोन अल्बमांची तुलना करतो आहे, ते दोन्ही ऐन भरातल्या काळातले आहेत. एक त्या भराच्या मध्यावर आहे आणि दुसरा जवळजवळ अखेरीस.

‘सेव्हन डेज ऑफ फॉलिंग’ची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. पियानो, डबल बास आणि ड्रम्स ही जॅझमधली जुनी, मळलेली वाट असली तरी या तिघांनी तिचे काय केले ते इथे अगदी जवळून ऐकू येते. डॅन बर्गलुंड बासवर गज फिरवतो आणि तो आवाज इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून असा खरवडून काढतो की समोर रॉक बँडची गिटार आहे असे वाटावे. मॅग्नस ओस्ट्रॉम हा स्वेन्सनचा लहानपणापासूनचा मित्र. तो ब्रशनेच ड्रम्सवर इतकी बारीक, धावती लय धरतो की क्लबमधल्या यंत्रनिर्मित ठेक्यांची आठवण व्हावी. स्वेन्सन अधूनमधून पियानोच्या आत हात घालून तारा दाबतो आणि पट्टीवरच्या आघाताचा नुसता ठोका उरतो. ‘एलेव्हेशन ऑफ लव्ह’मध्ये या सगळ्याची मोट सुंदर बांधली गेली आहे. आणि ‘बिलीव्ह बिलेफ्ट बिलो’ ही इतकी साधी, संथ चाल आहे की तिला जॅझ म्हणावे की चर्चमधली प्रार्थना, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता.

याच अल्बमवर ‘ईव्हनिंग इन अ‍ॅटलांटिस’ आणि ‘डिड दे एव्हर टेल कुस्तो?’ अशा दोन रचना पाठोपाठ येतात: एकीच्या नावात समुद्रात बुडालेली दंतकथेतली नगरी, दुसरीच्या नावात समुद्राखालच्या जगाचा शोध घेणारा कुस्तो. १४ जून २००८ रोजी स्टॉकहोमजवळच्या समुद्रात पाणबुडी पोशाखात डुबकी मारताना स्वेन्सनचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा तो अवघा चव्वेचाळीस वर्षांचा होता. हे कळल्यापासून ती दोन शीर्षके वाचताना माझा घसा दाटतो. त्या शीर्षकांचा आणि त्या मृत्यूचा काही संबंध नाही हे मला ठाऊक आहे, तरीही.

आता माझ्या अडचणीकडे येतो. अल्बमची शेवटची रचना ‘ओ.डी.आर.आय.पी.’ संपली तरी तो ट्रॅक संपत नाही. तिच्यामागे कित्येक मिनिटांची निखळ शांतता आहे, आणि त्या शांततेनंतर, सीडीवर कुठेही वेगळा क्रमांक न देता, एक लपवलेले गाणे सुरू होते. मी संगीत ऐकतो ते रात्री, जेवणे आटोपल्यावर. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशीच्या भाजीसाठी मटार सोलत बसलो होतो. सूर थांबले, मी वाट पाहिली, मग सीडी अडकली असे वाटून हात पुसून उठलो. प्लेअरवर वाकून पाहिले तर हिरवे आकडे बिनबोभाट पुढे सरकत होते, सेकंदामागून सेकंद, आणि आवाज मात्र नव्हता. परत येऊन बसलो, टोपलीतले निम्मे मटार सोलून झाले, आणि एकाएकी एक माणूस गाऊ लागला. नंतर एकदा त्याच शांततेत डोळा लागला असताना मी त्या आवाजाने दचकून उठलो, तेव्हापासून या अल्बमचा शेवट मला सरळ मनाने ऐकता आलेला नाही. शेवटची रचना उताराला लागली की हात आपोआप रिमोट शोधतो. आधीच्या ‘स्ट्रेंज प्लेस फॉर स्नो’च्या अखेरीसही असाच प्रकार आहे, त्यामुळे ही एका वेळची लहर नव्हती हेही कळून चुकले.

एवढेच असते तर बहुधा मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. पण ते लपवलेले गाणे म्हणजे ‘बिलीव्ह बिलेफ्ट बिलो’चीच चाल आहे, शब्द घातलेली, आणि ती जॉश हेडनने, म्हणजे थोर बासवादक चार्ली हेडनच्या मुलाने, गायली आहे. तो वाईट गातो असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र जी चाल मी शब्दांविना आपलीशी केली होती, तिला आता शब्द चिकटले. अल्बम पुन्हा लावला की पियानोवर ती चाल येते आणि माझ्या डोक्यात हेडन गाऊ लागतो. जो माणूस बंदिशीतही शब्दांपेक्षा सुरांकडे कान ठेवून असतो, त्याला हे किती खटकत असेल याची कल्पना वाचकांना येईल.

‘लाइव्ह इन हॅम्बर्ग’मध्ये शेवट कुठे आहे याचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे श्रोते बसलेले आहेत. रचना विझत जाते, शेवटचा सूर हवेत राहतो, आणि मग टाळ्या येतात. सूर आणि टाळ्या यांच्यामधला तो क्षण त्या सभागृहात सगळ्यांनी मिळून धरलेला असतो, आणि घरात एकट्याने ऐकतानाही तो आपल्याला मिळतो. मैफलीत बसायची सवय असलेल्या कानाला ही गोष्ट लगेच ओळखीची वाटेल.

दुसरे असे की हॅम्बर्गच्या सुमारास ही त्रयी आपल्याच रचनांकडे निघण्याची जागा म्हणून पाहू लागली होती. कार्यक्रम ‘ट्यूझडे वंडरलँड’ या २००६च्या अल्बमच्या दौऱ्यातला आहे आणि त्याच नावाच्या रचनेने तो उघडतो, पण मधेच १९९९ची ‘डेफिनिशन ऑफ अ डॉग’ येते आणि शेवट २००२च्या ‘बिहाइंड द याशमॅक’ने होतो. त्यामुळे एकाच बैठकीत त्यांच्या सात-आठ वर्षांच्या कारकिर्दीचा पल्ला कळतो. ही शेवटची रचना स्टुडिओतही दमदार आहे. हॅम्बर्गला मात्र ती अधिक मोकळी, अधिक लांब झाली आहे: आधी धावती, मग जवळजवळ थांबलेली, आणि त्या थांबलेल्या जागेतून पायरीपायरीने चढत जाणारी. पुढची पायरी कोण टाकणार हे तिघांपैकी कुणी ठरवलेले नाही असे वाटत राहते. बासवरचा तो खरवडलेला आवाज शेवटी येतो, तेव्हा तो या साऱ्या चढणीतून आपसूक उगवलेला असतो.

अर्थात, ज्यांना तासाभरात संपणारा, नेटका आणि प्रत्येक वाद्य हाताच्या अंतरावर ऐकू येणारा अल्बम हवा आहे, त्यांनी ‘सेव्हन डेज ऑफ फॉलिंग’च घ्यावा, आणि फोनवर ऐकणार असाल तर शेवटच्या रचनेपाशी थांबणे फारसे अवघडही नाही. हॅम्बर्गसाठी सलग दीड-दोन तास काढावे लागतात. तेवढा वेळ नसेल तर दुसरी सीडी आधी लावावी, असे मी सुचवेन.

शांततेबद्दल मी इतकी तक्रार केली, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वेन्सनच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी ‘ल्यूकोसाइट’ हा अल्बम आला. तो सिडनीतल्या स्टुडिओत २००७मध्ये उत्स्फूर्तपणे वाजवलेल्या संगीतातून तयार झाला होता. शीर्षक-रचनेच्या चार भागांपैकी दुसरा भाग म्हणजे फक्त एक मिनिटाची शांतता आहे. तिला स्वतःचे नाव आहे, स्वतःचा क्रमांक आहे, आणि तिच्यापुढे जे येते ते त्या मिनिटाशिवाय ऐकताच येणार नाही. त्या वेळी माझा हात रिमोटकडे जात नाही. पण त्या अल्बमने सुरुवात करू नये. हॅम्बर्ग पुरेसा मुरला की मगच तो लावावा, आणि रात्री, घरातले सगळे झोपल्यावर.