सनीव्हेलहून फ्रिस्कोला : एका आंतरराज्य मूव्हर्स कंपनीचे परीक्षण

अकरा वर्षे कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे भाड्याच्या घरात काढल्यानंतर गेल्या जूनमध्ये आम्ही टेक्सासमधील फ्रिस्को येथे बिऱ्हाड हलवले. सुमारे १,७०० मैलांच्या या प्रवासासाठी सामान बांधण्यापासून नव्या घरात उतरवून देण्यापर्यंत सगळे करणारी एक आंतरराज्य मूव्हर्स कंपनी आम्ही ठरवली होती. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण तिच्याशी एका बाबतीत पत्रव्यवहार अजून चालू आहे. शिवाय या धंद्यात एकाच नावाखाली काम करणाऱ्या निरनिराळ्या एजंटांच्या कामात इतका फरक असतो, की नावापेक्षा व्यवहाराची रीत समजून घेणे वाचकाच्या अधिक उपयोगी पडेल.

अंदाजपत्रकासाठी आलेल्या बाईंनी जवळजवळ दोन तास घरातील प्रत्येक कपाट उघडून पाहिले. या कामाला मी पूर्ण गुण देईन. फोनवर खोल्यांची संख्या विचारून आकडा सांगणाऱ्या तीन कंपन्या आम्ही आधीच बाजूला ठेवल्या होत्या, आणि त्यांपैकी दोन प्रत्यक्षात वाहतूकदार नसून केवळ मध्यस्थ असल्याचे त्यांच्या नोंदणी क्रमांकावरून केंद्रीय वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर दिसले होते. बाईंनी वजन ७,४०० पौंड धरले आणि कमाल मर्यादेचे बंधनकारक अंदाजपत्रक दिले. अशा अंदाजपत्रकात वजन जास्त भरले तरी ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक द्यावे लागत नाही आणि कमी भरले तर रक्कम कमी होते. बंधनकारक नसलेले अंदाजपत्रक घेतले असते, तर सामान उतरवून घेताना अंदाजाच्या ११० टक्क्यांपर्यंत पैसे मागण्याचा अधिकार कंपनीला होता आणि उरलेली रक्कम नंतर बिलाने आली असती. आमचा आकडा ८,१५० डॉलर होता. वजनकाट्यावर ६,८२० पौंड भरले आणि शेवटी ७,६४० डॉलर द्यावे लागले.

हाच प्रवास उलट दिशेने बराच स्वस्त पडला असता, असे त्या बाईंनी न विचारता सांगितले. कॅलिफोर्नियातून भरून निघणाऱ्या ट्रकांना परतीचे सामान तितके मिळत नाही, म्हणून रिकाम्या फेरीचा खर्च जाणाऱ्याच्याच माथी बसतो. तुम्ही घरासाठी चाललात, करासाठी की राजकारणासाठी, असेही त्यांनी विचारले. प्रत्येक घरी हा प्रश्न विचारतात आणि बहुतेक ठिकाणी पहिले उत्तर घराचेच मिळते, असे त्या म्हणाल्या. आमचेही तेच होते. पण घर आणि राजकारण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे मला कॅलिफोर्नियात राहूनच कळले.

आमच्या भाड्याच्या घरासारखे तीन खोल्यांचे घर सनीव्हेलमध्ये वीस लाख डॉलरच्या खाली मिळत नव्हते. आमच्या शेजारच्या आजींनी तसेच घर १९८०च्या दशकात घेतलेले होते. १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १३ नुसार मालमत्ता कराचा मूळ दर खरेदीच्या वेळच्या किमतीच्या एक टक्का असतो आणि करपात्र किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. त्यामुळे आजींचा कर आजही त्यांच्या पेन्शनीत बसतो, आणि त्यासाठी मी या कायद्याचे भले चिंतितो. परंतु याच कायद्यामुळे जुने मालक घर विकत नाहीत, विक्रीला घरे कमी येतात आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबाला त्याच गल्लीत कित्येक पट कर भरावा लागतो. एका भूखंडावर एकच घर हा नियम शहरांनी दशकानुदशके जपला. तो सैल करणारा राज्याचा कायदा २०२१ मध्ये आला, तोवर आमच्यासारख्यांचा भाड्याचा हिशेब हाताबाहेर गेला होता. भाडेवाढीला कमाल दहा टक्क्यांची मर्यादा घालणारा २०१९ चा कायदा आहे, पण खासगी व्यक्तीच्या मालकीची स्वतंत्र घरे भाडेकरूला तशी नोटीस दिलेली असल्यास त्यातून वगळलेली आहेत, आणि आमचे घर नेमके तसेच होते.

या सगळ्यात आमचे मत कुठेच नव्हते. मी एच-१बी व्हिसावर आहे आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहून दहा वर्षे होऊन गेली. कॅलिफोर्नियात मला मतदान करता आले नाही, टेक्सासमध्येही करता येणार नाही. तरीही घर परवडेल का, पगारातून किती कापले जाईल, मुलगी कोणत्या कायद्याखाली मोठी होईल, हे राज्याच्या विधिमंडळातच ठरते. जनगणनेत मात्र आम्ही मोजले जातो, कारण केंद्रातील प्रतिनिधिगृहाच्या जागांची वाटणी करताना नागरिक आणि अनागरिक असा भेद केला जात नाही. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाची एक जागा इतिहासात प्रथमच कमी होऊन ५३ ऐवजी ५२ झाल्या आणि टेक्सासच्या दोन वाढून ३८ झाल्या. त्या वेळी आमचे चार जणांचे कुटुंब कॅलिफोर्नियाच्या खात्यात होते, १ एप्रिल २०३० रोजी बहुधा टेक्सासच्या खात्यात असेल. ट्रक मागवणे एवढाच राज्याच्या धोरणावर आमचा अभिप्राय ठरतो, म्हणून तो ट्रक वेळेवर येणे माझ्या दृष्टीने किरकोळ गोष्ट नव्हती.

बांधाबांधीच्या दिवशी सकाळी साडेसातला चार माणसे दारात उभी होती. त्यांचे प्रमुख पन्नाशीचे गृहस्थ होते. चहा घेताना कळले, की ते मोडेस्टोला राहतात आणि त्यासाठी पहाटे चारच्या आधी घर सोडतात. त्यांचे बालपण सॅन होझेत गेले, पण लग्नानंतर तेथे दोन खोल्याही परवडेनात, म्हणून ते आल्टामाँट खिंडीपलीकडे गेले. दुसऱ्यांची बिऱ्हाडे बांधून देणारा हा माणूस स्वतः केव्हाच विस्थापित झालेला होता, हे ऐकून पत्नीने त्यांच्यासाठी पोळ्या अधिक लाटल्या. त्यांचे काम पाहण्यासारखे होते. काचेचे प्रत्येक भांडे ते कोऱ्या कागदाच्या तीन पदरांत आडव्या फिरकीने गुंडाळत, ताटे सपाट न ठेवता उभी लावत आणि खोका हलवून कानाला लावत. आतून आवाज आला तर तो पुन्हा उघडत. स्वयंपाकघरातील चौतीस खोक्यांत एक वाटी फुटली, तीही मी स्वतः बांधलेल्या खोक्यात. मालकाने बांधलेल्या खोक्यातील फुटतुटीची जबाबदारी कंपनी सहसा घेत नाही आणि यादीत तसा शेराही मारते, तेव्हा नाजूक वस्तू आपण बांधून पैसे वाचवण्याचा मोह टाळावा.

यादीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिकटपट्टी लावून तिची स्थिती सांकेतिक अक्षरांत लिहिली जाते. प्रमुखांच्या मदतनिसाने आमच्या जवळपास सगळ्या लाकडी वस्तूंपुढे ‘चरे’ आणि ‘घासलेले’ यांची अक्षरे सरसकट लिहिली होती. यात सागवानी देव्हाराही आला. सासूबाईंनी नाशिकहून पाठवलेल्या या देव्हाऱ्यावर एकही ओरखडा नव्हता. सही करण्यापूर्वी मी संकेतांची किल्ली मागितली, देव्हाऱ्याचा फोटो काढला आणि नोंद खोडायला लावली. पाच मिनिटांच्या या कामाने पुढचा दावा वाचला.

दाव्याचा पाया भरपाईच्या पर्यायात असतो. काहीही अधिक पैसे न देता मिळणाऱ्या पर्यायात कंपनीची जबाबदारी प्रत्येक वस्तूच्या वजनावर, पौंडाला ६० सेंट इतकीच असते. आमचा देव्हारा २८ पौंडांचा, म्हणजे तो चक्काचूर झाला असता तरी हाती १६ डॉलर ८० सेंट आले असते. आम्ही पूर्ण मूल्याचे संरक्षण घेतले. त्यात वस्तू दुरुस्त करून देणे, तशीच दुसरी देणे किंवा तिची किंमत देणे कंपनीवर बंधनकारक असते. पौंडाला १०० डॉलरहून अधिक किमतीच्या वस्तू वेगळ्या लिहून द्याव्या लागतात. दागिने आणि व्हिसाची कागदपत्रे आम्ही ट्रकमध्ये दिलीच नाहीत.

कुंडीतले कढीपत्त्याचे झाड मागे ठेवावे लागले. दूरच्या प्रवासाला मूव्हर्स झाडे घेतच नाहीत, आणि आपल्या गाडीतून नेण्याचा विचारही सोडावा लागला, कारण कढीपत्ता लिंबूवर्गीय कुळातला असून संत्र्या-लिंबांच्या बागांना घातक ठरणारी कीड त्यावर वाढते, म्हणून राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. नऊ वर्षांचे ते झाड शेजारच्या आजींना देताना मुलगी रडली.

आता तक्रारीकडे येतो. करारात सामान पोचवण्याची मुदत ८ ते १४ जून अशी होती. माझ्या कामाचे ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात जात असल्याने माझ्या नोकरीच्या कंपनीला आधी व्हिसाचा सुधारित अर्ज भरावा लागला होता, त्यामुळे फ्रिस्कोजवळच्या प्लेनोच्या कार्यालयात १० जूनला हजर होणे मला टाळता येत नव्हते. सामान २५ जूनला आले. मधल्या दिवसांत मूव्हर्सच्या ट्रक पाठवणाऱ्या विभागाकडून तीन वेळा तीन उत्तरे मिळाली : ट्रक ॲरिझोनात आहे, ट्रक नादुरुस्त आहे, चालक रजेवर आहे. खरे काय ते चालकानेच शेवटी सांगितले. ट्रेलर आणखी दोन कुटुंबांच्या सामानाने भरेपर्यंत आमची खोकी कॅलिफोर्नियातील गोदामातच पडून होती. विलंब होणार असेल तर कारण आणि नवी तारीख स्वखर्चाने कळवणे कंपनीवर केंद्रीय नियमांनी बंधनकारक आहे. आम्हाला तसा एकही फोन आला नाही. उशीर एक वेळ समजून घेता येतो, पण दोन मुलांना घेऊन रिकाम्या घरात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला खोटी उत्तरे देणे मला क्षमा करण्याजोगे वाटत नाही.

त्या रिकाम्या घरात नव्या राज्याचा हिशेब पुन्हा मांडायला भरपूर वेळ मिळाला. कंपनीने अंदाजपत्रकासोबत दोन राज्यांची तुलना करणारे रंगीत पत्रक दिले होते. त्यात घरांच्या किमती आणि प्राप्तिकर एवढेच होते, आणि ते अपुरे आहे. टेक्सासमध्ये वैयक्तिक प्राप्तिकर नाही, २०१९ मध्ये तर त्याला राज्यघटनेनेच बंदी घातली, आणि कॅलिफोर्नियात उत्पन्नाच्या वरच्या भागावर ९.३ टक्के देणाऱ्या आमच्यासारख्यांना हा फरक पहिल्याच पगारात दिसतो. पण ६ लाख ८० हजारांच्या घरावर मालमत्ता कर वर्षाला ११ हजार डॉलरच्या आसपास जातो. या करातील शाळांचा वाटा लावताना राहत्या घराच्या किमतीतून मिळणारी सूट २०२३ मध्ये ४० हजारांवरून एक लाखावर आणि २०२५ मध्ये एक लाख ४० हजारांवर गेली, मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. गारपिटीमुळे छताचा विमा महाग आहे आणि गारांच्या नुकसानीत पहिला वाटा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत आपल्यालाच सोसावा लागतो. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत वीज गेली तेव्हाच्या आठवणी येथील प्रत्येक शेजारी सांगतो.

आणि पत्रकात न मावणारी एक गोष्ट. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा प्रश्न राज्यांवर सोपवल्यानंतर टेक्सासमध्ये त्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी आहे. आमची मुलगी सोळा वर्षांची आहे. पत्नीने या एका कारणासाठी सहा महिने होकार दिला नव्हता, आणि आमच्या ओळखीचे एक जोडपे नेमके याच कारणासाठी ऑस्टिन सोडून सॅक्रमेंटोला गेले, तेथे आता दुप्पट हप्ता भरते. त्यांचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. आम्ही घर निवडले. ती निवड करताना जे सोडावे लागले, ते आम्ही दोघांनी एकमेकांसमोर मोठ्याने बोलून घेतले होते.

सामान उतरवणारी माणसे वेगळी होती आणि घाईत होती. देव्हाऱ्याचा कळस मोडलेला निघाला. मी यादीवर तेथेच नोंद करून घेतली आणि आठवड्याच्या आत दावा दाखल केला. त्यासाठी नऊ महिन्यांची मुदत असते. तीस दिवसांत पोच देणे आणि १२० दिवसांत निर्णय कळवणे या दोन्ही अटी कंपनीने पाळल्या. त्यांनी पाठवलेल्या डॅलसच्या सुताराने कळस बसवला, सागाचा रंग जुळवला आणि सांधा बोटाला लागणार नाही असा घासून दिला. दावे पाहणाऱ्या विभागाबद्दल माझे मत चांगले आहे.

एकूण विचार करता बांधणी आणि दावे यांसाठी मी या कंपनीकडे पुन्हा जाईन, पण सामायिक ट्रेलरवर कधीही सामान चढवणार नाही. ज्यांच्या नोकरीची वा शाळेची तारीख ठरलेली आहे, त्यांनी पोचण्याची तारीख हमीसह आणि प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा दर डॉलरमध्ये करारात लिहून घ्यावा. आमच्या करारात मुदत होती, दर नव्हता. गाद्या, भांडी आणि बाहेरचे जेवण यांच्या ६४० डॉलरच्या पावत्या मी पाठवल्या. कंपनीने २०० देऊ केले, ते मी नाकारले आहेत.