साप पळवणारे दाणे: ठाण्याच्या जंगलालगतच्या येऊरच्या घरासाठी घ्यावेत का?

घेऊ नयेत. पाचपैकी शून्य.

ऑनलाइन मिळणाऱ्या या पाकिटांत बहुतेक वेळा नॅप्थलीन, म्हणजे डांबरगोळ्यांचाच माल, आणि गंधक असतं. साप जिभेने वास टिपतो हे खरं, पण या वासाने तो वाट बदलतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही. त्यात नॅप्थलीन हवेत उडून जातं आणि उरलेले दाणे पावसात वाहून जातात. रांगत्या मुलाने ते तोंडात घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. साप पळवायला शिंपडतात ते कार्बोलिक ॲसिड त्याहून वाईट, अंगावर सांडलं की कातडी भाजते. अल्ट्रासॉनिक यंत्रही नको: सापाला खालच्या पट्टीतले आवाज जाणवतात, साधारण 1000 हर्ट्झच्या आतले. यंत्राचा आवाज 20,000 हर्ट्झच्या वरचा.

तेच पैसे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) वेल्डेड जाळीत घाला. भोक पाव इंचाचं, म्हणजे 6 मिमी, हवं. अर्ध्या इंचातून मण्यारीची पिल्लं सहज येतात. मोरीच्या सांडपाण्याच्या तोंडावर आणि झरोक्यांना ही जाळी बसवा, जोत्यातल्या भेगा सिमेंटने बुजवा. दाराखालची फटही 6 मिमीपेक्षा कमी हवी, त्यासाठी रबरी पट्टी लावा. लाकडी दार पावसात फुगतं, मे महिन्यात घट्ट बसवलेली पट्टी जुलैत घासते आणि वैतागून लोक ती उपटून टाकतात. म्हणून पट्टीची स्क्रूची भोकं उभी, लांबट पाडा. वर-खाली सरकवता येते.

सगळ्या बागेला कुंपण परवडत नाही, मुलं खेळतात तेवढं अंगण पुरे. जाळी जमिनीवर 3 फूट, मातीत 6 इंच, बाहेरच्या बाजूला 30 अंश कललेली, खांब आतून. वेल टेकला की त्याची शिडी होते, तेव्हा कडेने छाटणी चालू ठेवा. मातीतली जाळी गंजते, दर उन्हाळ्यात उकरून बघा. नायलॉनची बागेची जाळी मात्र वापरू नका. साप तिच्यात अडकून तडफडून मरतात.

उंदीर राहिले तर जाळीचाही उपयोग अर्धा. कोंबड्यांचं खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, लाकूडफाटा भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून फूटभर उंच. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचायलाच हवी.

साप आत आलाच तर वन विभागाची हेल्पलाइन 1926. चावला तर रुग्णवाहिकेसाठी 108 आणि थेट सरकारी रुग्णालय. बांधणं, चिरा देणं काही नको.