पेटी घ्यावी की कीबोर्ड? कोकणातल्या लहान शाळेसाठी

मुलांचा पट तिसाच्या आत असेल तर समग्र शिक्षा योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. वीजबिल, खडू, नळाची तोटी वजा जाता वाद्यांसाठी दोन-तीन हजार उरले तरी नशीब. वरचं काय ते मुंबईकर चाकरमानी देतील तेवढंच. म्हणजे आपल्याकडची संगीताची खोली ऑफिसातल्या एका कपाटात मावते, आणि शाळा व्यवस्थापन समितीत वाद पेटतो तो त्या कपाटात पेटी, म्हणजे हार्मोनियम, ठेवायची की कीबोर्ड.

कीबोर्डच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. सूर उतरत नाही, सेलवर चालतो, एका हाताने उचलता येतो. त्याहून मोठी सोय म्हणजे ट्रान्सपोज. ज्या गुरुजींना एकाच स्वरपट्टीत (स्केलमध्ये) बोटं चालवता येतात, त्यांना बटण दाबून मुलांच्या उंच आवाजापर्यंत सूर चढवता येतो. साध्या पेटीत ही सोय नाही, आणि स्केल बदलता येणारी स्केलचेंजर पेटी महागही, नाजूकही. पण स्वस्तातल्या कीबोर्डच्या पट्ट्या अरुंद असतात, आवाज चिरका असतो. खाऱ्या दमट हवेत सेलच्या खणातल्या स्प्रिंगा गंजतात, काही पट्ट्या मुक्या होतात. मग तो दुरुस्त कोण करणार? आमचा एक दोन पावसाळे टिकला. आता मुलं त्याच्यावर ‘बँक-बँक’ खेळतात.

पेटीलाही कोकण सोपं नाही. जुलैत लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही. भात्याला झुरळं आणि उंदीर लागतात, जमिनीवर ठेवली तर वाळवी. पण सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पात्या, पितळेचे असतात, आणि भाता, पट्ट्या, सूर सगळं उघडून नीट करता येतं. शिवाय वाडीत बहुधा भजन असतंच. भजनीबुवांच्या ओळखीचा पेटी दुरुस्त करणारा असतो, आणि मंडळाने नवी घेतली की जुनी पेटी माळ्यावर पडते. ती मागा. सरपंचांकडून नाही, बुवांकडून मागा.

निर्णय खरा फिरतो तो बदलीवर. पेटी वाजवणाऱ्या बाईंची बदली झाली की पेटीवर कापड पडतं ते पडतंच. म्हणून वाद्य गुरुजींकडे बघून घेऊ नका, वाडीकडे बघून घ्या. वाडीत भजन किंवा नमन, जाखडी या कोकणी लोककला जिवंत असतील तर जुनी पेटी. आठवड्यातून एक तास बुवा येतील. तसं कुणी नसेल आणि शिक्षक स्वतः थोडंफार वाजवणारे असतील तर कीबोर्ड. दोन्ही नसेल तर दोन्ही नको. मोबाइलवर तानपुरा लावून एक बरा स्पीकर पुरतो. फक्त त्यावर तयार गाणी लावून मुलांना नुसतं हलायला लावू नका.

आणि या वादात एक गोष्ट राहून जाते. पेटी असो की कीबोर्ड, वाजवणार एकजण, बाकीची पंचवीस हाताची घडी घालून बसणार. माझ्या मते पहिला पैसा तालाला. नटबोल्टची एक ढोलकी, दोन जोड झांजा, चार-पाच टाळ. तबला नको. दमट हवेत पुडी (वरचं कातडं) ढिली पडते आणि हातोडी घेऊन तो सुरात आणणारं शाळेत कुणी नसतं. ढोलकी निदान पान्याने कसता येते. बाकीचं परसात आहे: घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या आणि टिपऱ्यांना माणग्याच्या (कोकणातल्या बांबूच्या) काठ्या. माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे लवकर फुटत नाही आणि आवाज ठणठणीत येतो. लेझीम बहुतेक शाळांत आधीच आहे, फक्त खिळखिळी झालेली असते.

पेटी घ्यायचीच ठरली तर श्रावणात बघायला जा. भर पावसात जी पट्टी अडकत नाही ती पुढे सहसा अडकणार नाही. सगळे स्टॉपर (पुढच्या खुंट्या) बंद करा, भाता भरा आणि सोडून द्या. आपोआप झटकन बसला तर कुठेतरी हवा गळते आहे. मग एकेक पट्टी दाबून ऐका. एखादा सूर चिरका लागला तर बुवांना सोबत न्या, भावाचं ते बघतील.