मारुती ८०० साठी कूलंट होजचा संच: रबर चांगले, क्लिपा टाकाऊ

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले, तरी तिचे सुटे भाग अजूनही सहज मिळतात. पुण्याच्या नाना पेठेतून आणलेल्या या संचात रेडिएटरचे वरचा आणि खालचा असे दोन होज (कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, वाहून नेणाऱ्या रबरी नळ्या), हीटरचे दोन बारीक होज आणि क्लिपा आहेत. किंमत ओरिजिनल भागांपेक्षा बरीच कमी असल्याने थोडी शंका होती; रबरापुरती ती फिटली.

होज ईपीडीएम या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम रबराचे असून त्यांची जाडी सर्वत्र सारखी आहे आणि वळणे जुन्या होजशी तंतोतंत जुळतात, जे फार महत्त्वाचे आहे, कारण वळण किंचित चुकले तरी होज शेजारच्या पत्र्याला घासून काही महिन्यांत झिजतो. जुन्या होजपैकी गळत होता तो फक्त वरचा. पण बाहेरून धडधाकट दिसणारा खालचा होज कापून पाहिला, तेव्हा त्याच्याही टोकापाशी आतून उभ्या चिरा पडलेल्या आढळल्या. कूलंट आणि इंजिनातले निरनिराळे धातू यांच्यातील विद्युत-रासायनिक क्रियेने रबर असे आतून फाटत जाते, त्यामुळे सुटा एकच होज घेण्यापेक्षा पूर्ण संच घेणे शहाणपणाचे.

क्लिपा मात्र वापरू नयेत. त्यांच्या पट्टीला आरपार खाचा असल्याने आवळताना कडा रबरात रुततात, आणि थोडा जोर लावला की स्क्रू घसरतो. जुन्या स्प्रिंग क्लिपांत ताण शिल्लक असेल तर त्याच पुन्हा बसवाव्यात; रबर तापून फुगले किंवा निवून आकसले, तरी त्यांची पकड सुटत नाही. सोबतच्या कागदावर होजच्या टोकांना ग्रीस लावण्याची सूचना आहे, ती तर सरळ चुकीची आहे: ग्रीसमधल्या खनिज तेलाने ईपीडीएम फुगते. साबणाचे पाणी पुरते.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरची टोपी उघडू नये, हे सांगायला नकोच. काढलेले कूलंट मात्र लगेच झाकावे, कारण ते चवीला गोड आणि कुत्र्यामांजरांना जीवघेणे असते. हीटरचे होज चिकटलेले असतील तर ओढू किंवा पिळू नयेत. ब्लेडने उभे चिरून सोलावेत, नाहीतर हीटरची नाजूक नळी वाकते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. नवे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरून, टोपी उघडी आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून, वरचा होज हाताला गरम लागेपर्यंत इंजिन चालू ठेवले, की आतली हवा निघून जाते.

संचात रेडिएटरची टोपी येत नाही. जुन्या टोपीचे रबर कडक झाले असेल, तर तिच्यावर छापलेल्या दाबाचीच नवी टोपी होजसोबत घ्यावी.