जुन्या भाजक्या मातीच्या लाद्या सील केल्या: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमचं घर बडोद्यात, दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत. ओसरी, बैठकीची खोली, माजघर आणि मागची खोली, सगळीकडे लाल भाजक्या मातीच्या लाद्या आहेत, साधारण नऊ इंची चौरस आणि इंचभर जाड. २०२५च्या उन्हाळ्यात त्या साफ केल्या, सांधे नव्याने भरले आणि मागची खोली सोडून बाकी सील केल्या, म्हणजे पाणी-डाग आत मुरू नयेत म्हणून सीलर लावला. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, गणपती झाले, दिवाळीचं तळण झालं, आता थंडीही सरत आली. एवढं वापरून झाल्यावर माझं ठाम मत असं की सीलर कुठला घ्यायचा हा पुढचा प्रश्न. आधी फरशी खालून कोरडी आहे का ते बघा. दुकानात गेलात तर पहिलाच डबा हातात देतात, दुसरी गोष्ट कुणी विचारत नाही.

ही लादी म्हणजे भाजलेली चिकणमाती, रंग लाल तो मातीतल्या लोहामुळे. तिला ग्लेझ नाही, आत बारीक छिद्रांचं जाळं आहे, त्यामुळे ती पाणी वरूनही पिते आणि खालूनही. जुन्या घरांत ती चुन्याच्या कोब्यावर, म्हणजे धुमसून केलेल्या थरावर, चुन्यातच बसवलेली असते. आजच्या बांधकामात जमिनीखाली प्लास्टिक किंवा डांबराचा ओलरोधक थर घालतात, तसा त्या काळच्या घरांत नसतो. जमिनीतली ओल कोब्यातून लादीत येते आणि लादीच्या पृष्ठभागावरून हवेत जाते. वर्षानुवर्षं हे चालू असतं आणि त्याने फरशीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते ही वाट कुणी बंद केली की.

आमच्या मागच्या खोलीत नेमकं तेच झालं होतं. सासऱ्यांच्या वेळी एका कंत्राटदाराने तिथे अॅक्रिलिकचा चकचकीत थर मारून दिला होता. पहिली दिवाळी छान दिसली असं सासूबाई सांगतात. पुढच्या पावसाळ्यात थराखाली दुधाळ ढग दिसू लागले, मग पापुद्रे सुटले आणि पापुद्र्याबरोबर लादीची वरची कातडीही निघाली. ती कातडी महत्त्वाची. भट्टीत वरचा भाग थोडा जास्त घट्ट होतो, तो गेला की आतली भुसभुशीत माती उघडी पडते आणि मग कितीही पुसा, फरशी मळकटच. म्हणूनच मशीनने घासून पॉलिश करून देतो म्हणणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवलं. संगमरवराला चालतं ते या लादीला चालत नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीत ते जोत्याच्या खालीच थांबलं. घरात थेंब आला नाही. पण जमीन इतकी भिजली होती की त्यानंतरच्या हिवाळ्यात बैठकीच्या खोलीत लोणा धरला, म्हणजे ओलीबरोबर क्षार वर आले. सकाळी कडेच्या लाद्यांवर पिठासारखी पांढरी बुकटी, बोट फिरवलं तर खारट. काम हाती घ्यायचं ठरलं ते तिथून.

आधी धुवायची घाई केली नाही. लोण्यावर पाणी मारलं की क्षार विरघळून परत लादीत शिरतात आणि वाळताना पुन्हा वर येतात. मऊ ब्रशने कोरडेच झाडायचे, सुपलीत घ्यायचे आणि घराबाहेर टाकायचे. फेब्रुवारीभर हेच केलं. प्रत्येक वेळी बुकटी कमी येत गेली आणि मार्चच्या उन्हाबरोबर जवळजवळ थांबली.

मग सफाई. आमच्या फरशीवर लाल मेणाच्या पॉलिशचे थरावर थर होते, काळपट आणि चिकट. अॅसिड वापरायचं नाही हे आधीच पक्कं होतं. बाथरूम साफ करायचं ते अॅसिड चुन्याचे सांधे खातं, लादी चरते आणि मागे क्लोराइडचे क्षार सोडतं, म्हणजे लोण्याला नवं खाद्य. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून, थोडा थोडा भाग ओला ठेवून, नायलॉनच्या ब्रशने घासलं. तारेचा ब्रश नाही. निघालेला लाल चिखल लगेच उचलायचा, वाळू द्यायचा नाही. पाणी ओढून घेणारा व्हॅक्युम भाड्याने आणला, ते पैसे सगळ्यात सार्थकी लागले, कारण पाणी फरशीवर जितकं कमी थांबेल तितकं आत कमी जातं. शेवटचं धुणं आजवा तलावाच्या नळाच्या पाण्याने केलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यातले क्षार लादीत कशाला भरायचे?

देवघरापुढच्या लाद्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण मराठी घरात हा प्रश्न येणारच. तिथे समईच्या तेलाचे जुने काळे डाग होते आणि हळदीचे. सोड्याचं पाणी पडताच हळदीचे डाग लालभडक झाले. मदतीला आलेली मुलगी घाबरली, पण हळद अल्कलीत लाल होते, साबण लागलेल्या कपड्यावर आपण रोज बघतोच. धुतल्यावर पुन्हा पिवळी झाली. उरलेल्या पिवळेपणासाठी काही लावलं नाही. देवघराची खिडकी पूर्वेची, ती उघडी ठेवली, उन्हाने डाग फिके होत होत गेले. तेलाला मात्र लेप लागला. मुलतानी माती सोड्याच्या घट्ट पाण्यात कालवून बोटभर जाडीचा थर, वर प्लास्टिक, दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना माती तेल वर ओढते. काढलेल्या लेपाची खालची बाजू तपकिरी आणि तेलकट होती, ती बघून खरंच बरं वाटलं. असे लेप पुन्हा पुन्हा दिले. समईच्या अगदी खालची लादी अजून जरा गडद आहे, आणि ती तशीच राहू दे असं सासूबाईंनी सांगितलंय.

काही लाद्या फुटक्या होत्या. त्यातली एक उचलली तर पाठीवर उभ्या-आडव्या रेघा आणि झिजलेली अक्षरं, त्यात मंगळूर एवढं वाचता आलं. मंगळूरला बासेल मिशन या स्विस धर्मप्रचारक संस्थेने १८६५मध्ये लाद्या-कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर तिथे इतरांचेही निघाले. आमची कुणाची ते अक्षरांवरून ठरत नाही. तरी एवढ्या लांबून आलेली वस्तू आपल्या पायाखाली आहे म्हटल्यावर ती सांभाळायची ओढ वाढली. फुटक्यांच्या जागी मागच्या खोलीतल्या पलंगाखालच्या चांगल्या लाद्या आणून बसवल्या, आणि पलंगाखाली नव्या.

सांध्यांवरून थोडी रस्सीखेच झाली. पहिला गवंडी पांढऱ्या सिमेंटशिवाय काम करायला तयार नव्हता. सिमेंट कडक आणि घट्ट. ओल सांध्यातून जायची ती मग लादीतून जाते, क्षार लादीच्या कडांना जमतात आणि कडा उडतात. शेवटी वाडी भागातले एक वयस्कर कारागीर मिळाले. जुना सांधा नखाने उकरून बघत ते म्हणाले, “बेन, आमां सिमेंट ना चाले.” मी म्हटलं, “काका, तुम्हीच करा.” चुना, फुटक्याच लाद्या कुटून केलेली सुरखी आणि चाळलेली बारीक वाळू. भरायच्या आधी सांधा ओला, भरल्यावर वर ओलं गोणपाट, म्हणजे चुना घाईने वाळून भुगा होत नाही. रंग लादीशी इतका जुळला की नवे सांधे शोधावे लागतात.

आणि मग वाळवणं. याच टप्प्यावर सगळ्यांना घाई असते. वरून फरशी दोन दिवसांत कोरडी दिसते, आत ओल असतेच. साधी कसोटी आहे: हातभर लांब-रुंद, जाडसर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावायचं आणि एक दिवस-रात्र ठेवायचं. खाली दव जमलं किंवा लादी गडद झाली तर थांबायचं. बैठकीत आणि ओसरीवर एप्रिलच्या अखेरीस प्लास्टिक कोरडं निघालं. माजघरात मोरीकडच्या कोपऱ्यात दव येतच होतं. शोधलं तर मोरीचा पाइप भिंतीत झिरपत होता. तो बदलला, आणि मेच्या चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात कोपरा वाळला. बडोद्यात हे काम करायचं तर उन्हाळाच. जूनमध्ये सुरू करू नका.

सीलर दोन प्रकारचे वापरले. ओसरी आणि बैठकीत सायलेन-सायलॉक्सेनचा आत मुरणारा सीलर. तो वर थर करत नाही. छिद्रांच्या भिंतींना अस्तर धरतो, त्यामुळे पाणी आत ओढलं जात नाही पण वाफ बाहेर जाते. रंग बदलत नाही, चमक येत नाही. डब्यावर लिटरला दहा चौरस मीटर लिहिलं होतं, आमच्या लाद्यांनी जेमतेम सहात संपवला, तेव्हा हिशेब करताना हात सैल ठेवा. माजघरात डबल बॉइल्ड, म्हणजे लवकर वाळावं म्हणून तयार केलेलं, जवसाचं तेल. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे हात कमी टर्पेंटाइनचे, आणि प्रत्येक हातानंतर साधारण वीस मिनिटांत वर राहिलेलं सगळं तेल कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं. राहिलं तर ते चिकट होतं आणि घरभरची धूळ धरतं. दोन-तीन आठवड्यांनी मधमाशांच्या मेणाचा पातळ हात. तेलाने लादी गडद होते, वीटकरीची खोल तांबडी होते. मला तो रंग फार आवडतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, त्यात उष्णता निघते आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. आम्ही त्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवत होतो आणि मग अंगणात एकेक पसरून वाळवत होतो.

आता वापराचं. बैठकीची खोली पावसाळ्यात फार चांगली टिकली. लोणा एकदाही आला नाही. चहा सांडला तर थेंब वर उभा राहतो, पुसला की संपलं. तेलापुढे मात्र हा सीलर जवळजवळ निरुपयोगी आहे. गणपतीत समईचं तेल सांडलं, तासाभरात डाग आत, पुन्हा लेप द्यावा लागला. तेलाचेही डाग अडवायचे तर त्यातला फ्लोरोपॉलिमरवाला प्रकार मिळतो, बराच महाग. मोठ्या खोलीसाठी घेण्यात अर्थ नाही, देवघरापुढच्या लाद्यांपुरता घेईन. ओसरीवर दाराच्या पट्ट्यात, जिथे सगळ्यांच्या चपला घासतात, तिथे आता थेंब हळूहळू मुरायला लागलाय. तेवढ्या पट्ट्याला या उन्हाळ्यात पुन्हा एक हात लागेल.

माजघराचं तेल-मेण दिवाळीच्या फराळात खरं उतरलं. चकलीच्या घाण्याचे शिंतोडे दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने निघाले. पण पावसाळ्यात ते पूर्ण वाळल्यासारखं वाटेना, जुलैत पाय टेकला की किंचित धरल्यासारखं व्हायचं, आणि पाट हलवला की खाली ठसा. वास ऑगस्टपर्यंत होता. मोरीच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके आले. ते पुसून पंखा चालू ठेवला, थंडीत थांबले. तरी ज्या खोलीत वारा खेळत नाही तिथे जवसाचं तेल मी सुचवणार नाही.

रोजचं काम कमी झालं. साधं पाणी, घट्ट पिळलेलं पोतेरं, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाचे दोन-चार थेंब. फिनाइल, व्हिनेगर, सोडा बंद. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे. रांगोळी झाडून मगच पुसायची, नाहीतर तिचा पांढरेपणा लादीत घासला जातो.

मागच्या खोलीतला अॅक्रिलिकचा थर रंग काढायच्या जेलने खिडक्या उघड्या टाकून काढला, पण ती फरशी अजून सील केलेली नाही. एवढी वर्षं कोंडलेली ओल बाहेर यायला वेळ लागतोय, या थंडीतही तिथे बारीक लोणा झाडावा लागला. एप्रिलमध्ये पुन्हा प्लास्टिक लावून बघणार. कोरडं निघालं तर सायलॉक्सेन, दव आलं तर अजून एक वर्ष उघडीच ठेवायची आणि फक्त झाडायची.